ओरेश्कीची कवचं चिकटतात, तुटतात, सादळतात : दोष कुठे शोधायचा

रशियनमध्ये 'ओर्येख' म्हणजे अक्रोडासारखं टणक कवचाचं फळ. त्याचंच लडिवाळ रूप 'ओरेश्की'. सोव्हिएत काळात वाढदिवस आणि नवं वर्ष आलं की घरोघरी ही बिस्किटं व्हायची. युक्रेनमध्ये त्यांना 'होरिश्की' म्हणतात. अक्रोडाच्या अर्ध्या कवचासारख्या दोन पोकळ वाट्या भाजायच्या, त्यांत शिजवून तपकिरी केलेलं कंडेन्स्ड मिल्क भरायचं आणि दोन्ही वाट्या एकमेकींना चिकटवायच्या. यासाठी लागणारा साचा म्हणजे 'ओरेश्नित्सा'. बिजागरीने जोडलेल्या, ओतीव ॲल्युमिनियमच्या दोन जाड पाट्या आणि लांब दांडे अशी त्याची रचना असते. एका पाटीत रेघारेघांचे खळगे असतात आणि दुसरीवर त्या खळग्यांत बसणारे गुळगुळीत उंचवटे. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून परतणाऱ्या मुलामुलींच्या सामानातून हा साचा मराठी घरांतही येऊन पोचतो.

पुढची तक्रार ठरलेली असते. निम्म्या वाट्या साच्यातच अडकतात, काही भरताना फुटतात आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. मग माणूस कृती बदलत बसतो, मैदा वाढवतो, लोणी कमी करतो. कृतीचा दोष खरं तर क्वचितच असतो. आधी साच्याची आच तपासावी, मग गोळीचं वजन, मग सारणातलं पाणी. याच क्रमाने शोधलं तर बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच उत्तर सापडतं.

आधी माप एक करून घेऊ

पुढचं सगळं या मापाला धरून आहे : मैदा 400 ग्रॅम, बिनमिठाचं लोणी 200 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, 2 मध्यम अंडी, आंबट क्रीम किंवा घट्ट दही 50 ग्रॅम, खायचा सोडा सपाट अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. चमचा चहाचा. रशियन घरांत सोड्यावर चमच्यातच व्हिनेगर ओततात, पण पिठात दही किंवा आंबट क्रीम असेल तर त्याची गरज नाही. सोड्याला लागणारा आंबटपणा त्यातून मिळतो, आणि चमच्यात उठलेला फेस तर हवेतच जातो.

मऊ लोणी आणि साखर फेटा, अंडी एकेक करून घाला, मग दही. सोडा आणि मीठ मैद्याबरोबर चाळून शेवटी घाला. मैदा पडल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करून घ्यायचं. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं की वाट्या चिवट होतात आणि साच्यात पीठ पसरायच्या ऐवजी आखडतं. झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. यात 7 ग्रॅमच्या साधारण 120 गोळ्या होतात, म्हणजे 60 अक्रोड. पहिल्यांदा करत असाल तर सगळं निम्मं घ्या.

मोडलेली वाटी टाकू नका, उलटी करून बघा

ती कुठे आणि कशी मोडली आहे, यावरून कारण कळतं.

वाटी जाडीतून चिरली, म्हणजे एक पापुद्रा खळग्यात आणि दुसरा उंचवट्यावर राहिला, आणि फाटलेला भाग फिका, ओलसर, कच्च्या पिठाचा दिसला, तर साचा लवकर उघडला. धातूला टेकलेले दोन्ही पृष्ठभाग आधी शिजतात आणि मधला थर ओला राहतो. अशा वेळी पाट्या ओढल्या की तो थर फाटणारच. गोळ्या ठेवून साचा मिटल्यावर आतलं पाणी वाफ होऊन फिस्सकन बाहेर पडतं. पहिली 20-30 सेकंदं दांडे घट्ट दाबून धरा, नाहीतर ही वाफच वरची पाटी उचलते. आवाज पुरता मंदावेपर्यंत साच्याला हात लावायचा नाही. मध्यम आचेवर खळग्यांची बाजू खाली ठेवून दीड मिनिट आणि उलटून एक ते दीड मिनिट, एवढा वेळ साधारण पुरतो. पाट्यांच्या फटीतून डोकावणारी पिठाची झालर सोनेरी झाली की आतली वाटीही झालेली असते. उघडून बघण्यापेक्षा झालरीवर नजर ठेवलेली बरी.

फाटलेला भाग कोरडा, भुरभुरीत, नानकटाई मोडावी तसा असेल तर स्निग्ध पदार्थ जास्त झाला किंवा अंडं कमी पडलं. त्याबद्दल पुढे पिठाच्या भागात.

चिकटलेल्या जागी काचेसारखा चकाकता, गडद तपकिरी डाग दिसत असेल तर तिथे साखर वितळून धातूला चिकटली आहे. साखर जाड दाण्याची होती आणि पिठात पूर्ण विरघळली नाही, किंवा साचा फार तापला होता. पिठीसाखर वापरा आणि 100 ग्रॅमच्या वर जाऊ नका. गोडवा सारणात भरपूर असतो.

आणि वाटी फिकट, पांढुरकी, तेलकट असून खळग्याला गोंदासारखी चिकटली असेल तर पीठ थंड साच्यात पडलं. ही सगळ्यांत नेहमीची चूक. गरम धातूवर पिठाचा पृष्ठभाग क्षणात घट्ट होऊन सुटा होतो. थंड धातूवर आधी लोणी वितळून बाजूला वाहतं आणि उरलेलं ओलं पीठ ॲल्युमिनियमच्या बारीक रेघांत जाऊन बसतं.

म्हणून साचा बंद करून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं तापवा. मग उघडून पाण्याचा एक थेंब टाका. थेंब नुसता पसरून हळूहळू आटला तर साचा अजून गार आहे. चर्र होऊन एक-दोन सेकंदांत उडून गेला तर साचा बरोबर तापला आहे. आणि थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे घरंगळत बराच वेळ टिकला तर साचा 200 अंशांच्या आसपास किंवा वर गेला आहे. एवढ्या तापलेल्या धातूवर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, त्यामुळे तो धातूला टेकतच नाही. अशा साच्यात पीठ बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. आच बंद करून मिनिटभर थांबा, पुन्हा थेंब टाकून बघा.

पहिला घाणा फिका, दुसरा छान आणि तिसऱ्यापासून करपलेला, हा अनुभव सर्वांचा आहे. जाड ॲल्युमिनियम उष्णता साठवत जातं. दुसऱ्या घाण्यानंतर आच थोडी कमी करा आणि दर बाजूची 15-20 सेकंदं कमी करा. घड्याळाची वेळ पहिल्या घाण्यापुरतीच खरी असते.

मधल्या वाट्या काळपट आणि कडेच्या पांढऱ्या निघत असतील तर बर्नर लहान आहे. मोठ्या बर्नरवर ठेवा, किंवा अर्ध्या वेळानंतर साचा एका बाजूला सरकवून कडेचे खळगे ज्योतीवर आणा. इंडक्शनच्या शेगडीवर नुसत्या ॲल्युमिनियमचा साचा तापतच नाही, ते यंत्र चुंबकीय तळाच्या भांड्यासाठी असतं. विजेवर चालणारी ओरेश्नित्साही मिळते. ती उलटावी लागत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखी तापते, पण कवच पातळ देते. त्यामुळे गोळीचं वजन तिच्यासाठी नव्याने ठरवावं लागतं.

गोळी : एका ग्रॅमचा फरक

हाताने अंदाजे गोळ्या करणं हेच वाट्या असमान होण्याचं मुख्य कारण आहे. साधारण साडेतीन सेंटीमीटर लांबीच्या खळग्याला 6 ते 7 ग्रॅमची गोळी लागते, म्हणजे मध्यम बोराएवढी. पहिल्या घाण्यात निम्म्या गोळ्या 6 आणि निम्म्या 7 ग्रॅमच्या ठेवून बघा. साचे वेगवेगळे असतात, आपल्या साच्याचं वजन एकदाच काढावं आणि कायमचं लिहून ठेवावं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

गोळी लहान झाली तर कड अपुरी राहते आणि वाटीला दात पडल्यासारखं दिसतं. अशी वाटी सारण भरून दाबली की त्याच जागी चिरते. गोळी मोठी झाली तर पीठ बाहेर येऊन सगळ्या वाट्यांना जोडणारी जाड पोळी बनते, पाट्या पुरत्या मिटत नाहीत आणि वाटी आतून जाड, कच्ची राहते. नखाएवढी पातळ झालर सुटली तर माप बरोबर.

गोळीचा आकारही बघा. अक्रोडाचा खळगा लांबट असतो, म्हणून गोळीही किंचित लांबट वळावी आणि खळग्याच्या नेमक्या मध्यावर ठेवावी. ती एका कडेला ठेवली तर वाटी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखी होते. पातळ बाजू करपते, जाड बाजू कच्ची राहते, आणि दोष मात्र आचेला दिला जातो.

घाणा साच्यात असताना पुढच्या गोळ्या वळून ताटलीत तयार ठेवा. साचा उघडा ठेवून एकेक गोळी वळत बसलात तर पहिली गोळी वितळू लागेपर्यंत शेवटची जागेवर पडत नाही.

वाटीच्या बाहेरून रेघा पुसट आल्या असतील तर खळग्यात तेल साचलं होतं. नीट मुरलेल्या साच्याला दर घाण्याला तेल लावायची गरज नसते, पिठातलं लोणीच पुरतं. पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी भोकं पडत असतील तर सोडा जास्त झाला. जास्तीच्या सोड्याची खूण जिभेलाही कळते : साबणासारखी चव येते आणि वाट्या वेळेआधीच गडद होतात.

पीठ आपल्या हवेत कसं वागतं

मूळ कृती थंड हवेतली आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या स्वयंपाकघरात लोणी मऊ न राहता सुटू लागतं, पीठ तुपकट होतं आणि हाताला चिकटतं. यावर मैदा वाढवणं हा चुकीचा उपाय आहे, त्याने वाट्या दगडासारख्या होतात. पिठाचे चार भाग करून तीन फ्रिजमध्ये ठेवा आणि एकेक बाहेर काढा. फ्रिजमधलं कडक पीठ लगेच वापरू नका, दहा मिनिटं बाहेर राहू द्या. फार गार गोळी साच्याचं तापमान खाली आणते आणि नीट पसरतही नाही.

पिवळं टेबल बटर खारट असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ टाकू नका. घरचं पांढरं लोणी चवीला उत्तम, पण त्यात ताकाचं पाणी राहतं. गार पाण्यात दोनदा धुऊन, दाबून, पाणी पुरतं काढून मगच वजन करा. नाहीतर पीठ सैल होतं आणि वाफ इतकी होते की साचा मिटत नाही. तूप वापरायचं झालं तर 200 ऐवजी 160 ग्रॅम घ्या आणि दोन-तीन मोठे चमचे दूध घाला. एवढं करूनही तुपाच्या वाट्या नानकटाईसारख्या तोंडात विरघळणाऱ्या होतात. खायला त्या छान, पण साच्यातून काढायला आणि भरायला नाजूक. आमचं मत स्पष्ट आहे : पहिल्या प्रयत्नाला लोणीच घ्यावं.

अंडं इथे बांधणीसाठी आहे. ते नको असेल तर दोन अंड्यांऐवजी 60 ग्रॅम चक्का, 40 मिलिलिटर दूध आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घ्या. वाटी थोडी ठिसूळ होते, म्हणून गोळी एक ग्रॅमने जड ठेवा आणि साच्यातून काढताना घाई करू नका.

साचा उघडल्यानंतरचं एक मिनिट

शिजलेली वाटी गार होताना आकसते. ती उंचवट्यावर बसलेली असेल तर तिथेच आवळून बसते आणि मग काढताना तडकते. म्हणून साचा उघडल्याबरोबर उलटा करून ताटात हलकेच आपटा. अडकलेली वाटी बांबूच्या काडीने कडेकडेने सोडवा. सुरी लावू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा उठला की पुढच्या प्रत्येक घाण्याला वाटी तिथेच धरते.

झालर काढायची वेळ महत्त्वाची. वाफाळती असताना वाटी मऊ असते आणि बोटाने दबते. पूर्ण गार झाल्यावर झालर मोडली तर तिच्याबरोबर कडेचा तुकडाही जातो. वाटी कोमट असताना, हातात धरवेल एवढी झाली की, झालर बोटांनी मोडा. राहिलेले कंगोरे गार झाल्यावर बारीक किसणीवर हलक्या हाताने घासले की दोन्ही कडा एकमेकींवर सपाट बसतात. झालर आणि मोडक्या वाट्यांचा चुरा जपून ठेवा, सारणात तो लागणार आहे.

वाट्या जाळीवर पूर्ण गार करा. ताटात ढीग केला तर खालच्या वाट्या वरच्यांच्या वाफेने सादळतात.

सारण गळतं, फाटतं, वाहतं

सारण म्हणजे 'वार्योनाया स्गुश्चोन्का', शिजवलेलं कंडेन्स्ड मिल्क. सोव्हिएत प्रमाणकात, म्हणजे गोस्त 2903-78 मध्ये, कंडेन्स्ड मिल्कसाठी किमान 8.5 टक्के स्निग्धांश आणि किमान 43.5 टक्के साखर ठरवलेली होती. आपल्याकडे घेताना डब्यावर 'पार्टली स्किम्ड' असं लिहिलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर सारण थोडं चिकट आणि कमी मऊसर होतं.

तिथे बंद डबाच पाण्यात दोन-तीन तास उकळायची पद्धत होती. पाणी आटून डबा उघडा पडला की तो फुटायचा आणि छतापर्यंत चिकट राड व्हायची. ओढून उघडायच्या झाकणाचे आजचे डबे तर मुळीच उकळू नयेत, त्यांची शिवण कमकुवत असते. त्यापेक्षा कुकर बरा. साधारण 380 ते 400 ग्रॅमच्या डब्यातलं दूध स्टीलच्या डब्यात ओता, तोंडावर फॉइल घट्ट आवळा, वर झाकण लावा. कुकरमध्ये डब्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 40 ते 45 मिनिटं ठेवा. कुकर आपोआप गार होऊ द्या.

फॉइल घट्ट का? हे दूध घट्ट होतं ते पाणी आटून नव्हे. दुधातली प्रथिनं आणि साखर यांची उष्णतेत प्रक्रिया होऊन रंग येतो आणि प्रथिनं जाळं धरतात. झाकणावरून वाफेचं पाणी ठिबकलं तर रंग येतो पण घट्टपणा येत नाही, आणि सारण वाहतं. झालेलं दूध गार झाल्यावर चमचा खुपसून बघा : चमचा उभा राहिला पाहिजे आणि काढल्यावर पडलेला खळगा तसाच दिसला पाहिजे. खळगा भरून आला तर आणखी 15 मिनिटं शिजवा. गुठळ्या दिसल्या तर घाबरू नका, फेटल्यावर त्या मोडतात.

आता 100 ग्रॅम बिनमिठाचं लोणी एकटंच पांढरट होईपर्यंत फेटा आणि त्यात पूर्ण गार झालेलं दूध एकेक चमचा घाला. दूध कोमट असेल तर लोणी वितळून सारण तुपकट, पातळ होतं. लोणी फ्रिजमधून काढलेलं असेल तर कणी पडते. दोन्ही एकाच तापमानाला हवीत. फाटलंच तर भांडं क्षणभर गरम पाण्यावर धरून पुन्हा फेटा. उन्हाळ्यात लोणी 50 ग्रॅमवर आणा आणि चुरा वाढवा. शेवटी 60 ग्रॅम झालरीचा चुरा आणि आवडत असेल तर मूठभर भाजून भरडलेले अक्रोड मिसळा. अक्रोड भाजण्याआधी एक चावून बघा. आपल्या हवेत ते लवकर खवट होतात आणि एक खवट अक्रोड सगळ्या सारणाची चव घालवतो.

एवढं सारण 60 अक्रोडांना बरोबर पुरतं, एका अक्रोडाला साधारण 9 ग्रॅम. दोन्ही वाट्या काठोकाठ भरा, पण शीग ठेवू नका. दाबल्यावर सारण कडेला जेमतेम दिसलं पाहिजे, तेच दोन वाट्यांना चिकटवतं. बाहेर ओघळ आला तर भरण जास्त झालं.

सादळणं

भरलेल्या ओरेश्की एका रात्रीत थोड्या मुरतातच. कवच आणि सारण एकजीव होतं, आणि ज्यांनी लहानपणी त्या खाल्ल्या आहेत त्यांना तशाच आवडतात. दोष तेव्हा म्हणायचा जेव्हा वाटी दाबल्यावर चपटी होते.

यात आधी वाट्या तपासा. न भरलेली वाटी गार झाल्यावर मोडली तर टक् आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर ती कमी भाजली आहे आणि पाणी तिच्या आतच आहे. अशा वाट्या 150 अंशांच्या ओव्हनमध्ये 5 ते 7 मिनिटं ठेवून वाळवता येतात. आवाज येऊनही नंतर मऊ पडत असतील तर हवा किंवा सारण कारण आहे. पावसाळ्यात कोकण-मुंबईकडे उघड्यावर ठेवलेल्या वाट्या तासाभरात नरम होतात. गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हव्यात. कोरड्या डब्यात न भरलेल्या वाट्या आठवडाभर चांगल्या राहतात, म्हणून आधी भाजून ठेवाव्यात आणि खायच्या आदल्या संध्याकाळी भराव्यात. भरलेल्या ओरेश्की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. खायच्या आधी 20 मिनिटं डबा बंदच ठेवून बाहेर काढा, म्हणजे दव बिस्किटांवर न बसता डब्यावर बसतं.

पाहुण्यांसाठी कुरकुरीतच हव्या असतील तर भरण्याआधी वाटीच्या आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात ब्रशने फिरवा आणि सुकू द्या. सारणातलं पाणी कवचात शिरायला त्याने वेळ लागतो.

साच्याची निगा

नवा किंवा बरेच दिवस पडून असलेला साचा गरम पाण्याने धुऊन पुसा, तापवा, आतून तेलाचा पातळ हात फिरवून पुन्हा धूर येईस्तोवर तापवा. असं दोनदा करा. पहिला घाणा निघेल तो टाकून द्या, त्याच्याबरोबर साच्यातली काजळी निघून येते. नंतर साबण, तारेची घासणी किंवा सोडा लावू नका. सोड्याने ॲल्युमिनियम काळवंडतं आणि खरबरीत होतं. कोमट असताना कोरड्या कापडाने पुसा, रेघांत अडकलेलं काडीने काढा आणि दोन पाट्यांच्या मध्ये कागद घालून ठेवा.